दहाच्या जागी अडीच : केमोच्या मळमळीवरच्या एका गोळीचं प्रकरण

ओलान्झापीनची गोळी रोज १० मिलिग्रॅम द्यायची की अडीच, एवढाच प्रश्न होता. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात त्याचं उत्तर काढायला फेब्रुवारी २०२१ ते मे २०२३ अशी सव्वादोन वर्षं लागली. २७५ रुग्ण त्यात सहभागी झाले आणि निष्कर्ष २०२४ च्या सुरुवातीला 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी' या नियतकालिकात छापून आला. डॉ. ज्योती बाजपेयी या त्यातल्या प्रमुख संशोधक. नवं औषध सापडलं नाही, कुणाची गाठ विरघळली नाही, कुणाचं आयुष्य लांबलं असाही दावा नाही. जुन्या, स्वस्त, गल्लीतल्या दुकानात मिळणाऱ्या गोळीचा डोस पाव केला, तर चालतं का, हे तपासलं.

मी औषधनिर्माणशास्त्र शिकलेला माणूस आहे, आणि घरात केमोचे काही महिने काढलेले आहेत. दोन्ही कारणांनी मला हे प्रकरण मोठमोठ्या शोधांपेक्षा जास्त वेळा वाचावंसं वाटलं. त्यात नेमकं काय विचारलं गेलं, कसं विचारलं गेलं आणि उत्तर कुठपर्यंत धरून चालायचं, ते इथे मांडतो.

उलटी आटोक्यात आली, मळमळ मागे राहिली

केमोची सगळी औषधं सारखीच उलट्या आणत नाहीत. डॉक्टरांनी त्यांच्या पायऱ्या ठरवल्या आहेत. प्रतिबंधक औषध न देता ज्या केमोने शंभरातल्या नव्वदांहून अधिक रुग्णांना उलट्या होतील, ती सर्वांत वरच्या पायरीवर. सिस्प्लाटिनचा मोठा डोस तिथे आहे. स्तनाच्या कॅन्सरमध्ये डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फामाइड ही जोडी देतात, तीही तिथेच. डॉक्सोरुबिसिन रंगाने लालभडक. वॉर्डात त्याला सरळ 'लाल औषध' म्हणतात, आणि पहिल्या खेपेनंतर काही जणींना नुसता तो रंग दिसला तरी पोटात ढवळतं. टोमॅटोचं सार, सरबत, लाल साडी, काहीही पुरतं. शरीर एकदा शिकलं की विसरायला तयार नसतं. म्हणून पहिल्या खेपेलाच मळमळ रोखणं फार महत्त्वाचं असतं.

सिस्प्लाटिनला अमेरिकेत १९७८ मध्ये मान्यता मिळाली. वृषणाच्या कॅन्सरमध्ये त्याने चमत्कार वाटावा असं काम केलं, पण पहिल्या काही वर्षांत लोक उलट्यांना घाबरून उपचार अर्धवट सोडत. १९८१ मध्ये रिचर्ड ग्राल्ला आणि सहकाऱ्यांनी मेटोक्लोप्रमाइड मोठ्या डोसमध्ये देऊन उलट्या बऱ्याच कमी होतात, हे दाखवलं. दोन वर्षांनी ऑस्ट्रेलियात अ‍ॅलन कोट्स यांच्या गटाने रुग्णांनाच विचारलं, की तुम्हाला सर्वांत जास्त त्रास कशाचा होतो? पहिला क्रमांक उलटीचा, दुसरा मळमळीचा, केस गळणं त्यानंतर. मग १९९१ मध्ये ऑन्डान्सेट्रॉन आलं आणि उलटीचं चित्रच पालटलं. केमोमुळे आतड्यातल्या काही पेशी सेरोटोनिन सोडतात, ते तिथल्या मज्जातंतूला डिवचतं आणि निरोप थेट मेंदूच्या देठातल्या उलटीच्या केंद्रापर्यंत जातो. ऑन्डान्सेट्रॉन हा निरोप वाटेतच अडवतं. २००३ मध्ये अ‍ॅप्रेपिटंट आलं, ते मेंदूत 'सबस्टन्स पी' नावाच्या दुसऱ्या निरोप्याला अडवतं. त्यांच्या जोडीला डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड. या तीन औषधांचा संच आज जगभर वापरात आहे.

१९९७ मध्ये युरोपात पुन्हा तसाच प्रश्न रुग्णांना विचारला, तेव्हा मळमळ वर सरकली होती. उलटी औषधांना ऐकू लागली होती, मळमळ ऐकत नव्हती. त्यातही पहिल्या चोवीस तासांची मळमळ तुलनेने सोपी. दुसऱ्या दिवसापासून पाचव्या दिवसापर्यंतची मळमळ हट्टी, आणि नेमकी तीच घरी गेल्यावर येते. डे-केअरची खाट रिकामी झालेली असते, नर्स विचारायला नसते. समोर ताटात वरण-भात असतो आणि त्याचा वाससुद्धा नको असतो.

मोजायलाही ती अवघड. उलटी मोजता येते : दोनदा झाली, चारदा झाली. मळमळ फक्त सांगता येते. जे फक्त सांगता येतं ते फाइलवर उतरण्याची शक्यता आपोआप कमी होते.

मनाच्या आजाराची गोळी इथे कशी आली

ओलान्झापीन १९९६ मध्ये स्किझोफ्रेनियासाठी मान्य झालेलं औषध. ते एकाच कुलपाची किल्ली नाही, पुष्कळ कुलपांत बसणारी किल्ली आहे, म्हणजे मेंदूतल्या अनेक निरोप्यांना एकाच वेळी अडवते : डोपामिन, सेरोटोनिनचे दोन-तीन प्रकार, हिस्टामिन, अ‍ॅसिटिलकोलिन. मळमळही एकाच वाटेने येत नसल्यामुळे असं अघळपघळ औषध तिच्यावर चालावं, हा तर्क सरळ होता. अमेरिकेतले डॉ. रुडॉल्फ नवारी यांनी तो बरीच वर्षं लावून धरला.

२०१६ मध्ये त्यांच्या गटाने ३८० रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध केली. सगळ्यांना तीन औषधांचा संच, निम्म्यांना वर १० मिलिग्रॅम ओलान्झापीन चार दिवस, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली पोकळ गोळी. पहिल्या चोवीस तासांत अजिबात मळमळ न झालेले रुग्ण ओलान्झापीन गटात ७४ टक्के, दुसऱ्या गटात ४५ टक्के. पाचही दिवस मळमळ नाही, असे ३७ टक्के विरुद्ध २२ टक्के. या क्षेत्रात इतका स्पष्ट फरक क्वचित दिसतो. पुढे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये वरच्या पायरीच्या केमोसाठी तिघांच्या संचात चौथं औषध म्हणून ओलान्झापीन आलं. डोस १० मिलिग्रॅम, कारण चाचणी त्याच डोसवर झाली होती.

आता हा १० चा आकडा कुठून आला? स्किझोफ्रेनियात हा नेहमीचा डोस. मळमळीसाठी कमीत कमी किती पुरेल, या हिशेबाने तो ठरला नव्हता. तो डोस चालला, म्हणून तोच रूढ झाला. औषधांच्या इतिहासात असे डोस पुष्कळ सापडतात, आणि एकदा मार्गदर्शक सूचनेत छापले गेले की ते हलवायला फार कष्ट पडतात.

पेंग

ओलान्झापीनने झोप येते, हे कुणापासून लपलेलं नव्हतं. नवारींच्या चाचणीत दुसऱ्या दिवशी गुंगी वाढली, ५ टक्के रुग्णांत तीव्र होती, असं नोंदलेलं आहे. शंभरात पाच ऐकायला काही वाटत नाही.

आमच्या घरी मात्र ती गुंगी शंभरातल्या पाचांत मोडत असेल असं वाटलं नाही. माझी मावशी एका जिल्ह्याच्या गावी केमो घेत होती. रुग्णालयाचं नाव इथे महत्त्वाचं नाही. उलटी एकदाही झाली नाही. पण पहिले तीन दिवस तिला कुणी हाक मारली की डोळे उघडायची, हो म्हणायची आणि पुन्हा मिटायची. बाथरूमला एकटीला सोडायची हिंमत होत नव्हती. पाणी पिण्याची आठवण करून द्यावी लागे, आणि केमोनंतर पाणी कमी पडणं परवडत नाही. पुढच्या खेपेला तिच्या कागदावर 'केमो चांगली सोसली' अशा अर्थाचा शेरा होता. लिहिणाऱ्याचं चुकलं असं म्हणवत नाही. त्याने उलट्यांबद्दल विचारलं असणार, आणि उलट्या झाल्याच नव्हत्या.

औषधशास्त्रात याचं उत्तर बरंचसं आहे. ओलान्झापीनचं अर्धायुष्य, म्हणजे रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला लागणारा वेळ, साधारण तीस तासांचा. रात्री घेतलेली गोळी सकाळी संपत नाही, दुसऱ्या रात्रीची तिच्यावर चढते. यकृतातलं जे विकर हे औषध मोडतं, त्याला तंबाखूचा धूर चेव आणतो, म्हणून धूम्रपान करणाऱ्यांच्या शरीरातून औषध लवकर बाहेर पडतं. बायकांच्या शरीरातून ते पुरुषांच्या मानाने सावकाश जातं. आता आपल्याकडे स्तनाच्या कॅन्सरवर लाल औषध घेणारी बाई डोळ्यांसमोर आणा : बाई, बहुधा कधी विडी-सिगारेट न ओढलेली, अंगाने बेताची. तोच १० मिलिग्रॅम तिच्या रक्तात अधिक आणि अधिक वेळ राहणार. हा माझा तर्क आहे, चाचणीने सिद्ध केलेली गोष्ट नव्हे. पण डोसाकडे संशयाने बघायला तो पुरेसा आहे.

जपानी डॉक्टरांनी हा संशय आधी घेतला होता. तिथे ५ आणि १० मिलिग्रॅमची तुलना झाली, पाचचा निकाल दहापेक्षा वाईट निघाला नाही. मग सिस्प्लाटिन घेणाऱ्या ७१० रुग्णांवर ५ मिलिग्रॅम विरुद्ध पोकळ गोळी अशी मोठी चाचणी झाली आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. दुसऱ्या ते पाचव्या दिवसांत उलटी नाही आणि जादा औषधही लागलं नाही, असे रुग्ण ७९ टक्के विरुद्ध ६६ टक्के. गोळी रात्रीच्या जेवणानंतर द्यायची, म्हणजे झोपेचा जोर रात्रीच्या झोपेतच खर्ची पडतो, ही त्यांची युक्ती साधी पण नेमकी.

परळमधला प्रश्न

टाटा मेमोरियलच्या गटाने आणखी खाली जायचं ठरवलं : अडीच.

तिथला रुग्ण कसा राहतो, हे ठाऊक असलेल्याला या प्रश्नाची निकड वेगळी सांगावी लागत नाही. देशभरातून लोक परळला येतात. ज्यांना जागा मिळते ते दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी उतरतात, काही नातेवाइकांच्या एका खोलीत, काही रुग्णालयाजवळच्या फुटपाथवर. केमो डे-केअरमध्ये होते, संध्याकाळी बाहेर पडायचं असतं. सोबत एकच माणूस, तोही औषधांच्या आणि रिपोर्टांच्या रांगेत. अशा वेळी तीन दिवस झापड आलेली बाई म्हणजे जिने, रस्ता, लोकलचा फलाट या सगळ्या जागा धोक्याच्या. गावी परतलेली असेल तर घरात लहान मूल असतं, चूल असते, आणि 'आई झोपलीय' हे कारण दोन दिवसांपलीकडे चालत नाही.

चाचणीची रचना अशी. वय १३ ते ७५, शरीरात घट्ट गाठ असलेला कॅन्सर, आणि डॉक्सोरुबिसिन-सायक्लोफॉस्फामाइड किंवा मोठ्या डोसचं सिस्प्लाटिन मिळणार असलेले रुग्ण. सगळ्यांना तीन औषधांचा नेहमीचा संच. संगणकाच्या चिठ्ठीने कुणाला रोज अडीच मिलिग्रॅम, कुणाला १०. कोणता डोस मिळतोय हे रुग्णाला आणि डॉक्टरला माहीत होतं. या मुद्द्याकडे पुढे येतोच.

मुख्य मोजमाप 'पूर्ण नियंत्रण'. त्याची व्याख्या कडक ठेवली होती : केमोपासून १२० तासांत एकही उलटी नाही, जादा औषध घ्यावं लागलं नाही, आणि मळमळ नाही किंवा अगदी किरकोळ. तिन्ही अटी पाळल्या तरच रुग्ण यशस्वी धरायचा. दुसरं महत्त्वाचं मोजमाप दिवसाची पेंग.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी, नाहीतर पुढचे आकडे चुकीचे वाचले जातात. अडीच हे दहापेक्षा चांगलं आहे, असं सिद्ध करायचं नव्हतंच. ते ठरलेल्या मर्यादेपलीकडे कमी पडत नाही, एवढंच दाखवायचं होतं. ही मर्यादा चाचणी सुरू होण्याआधी लिहून ठेवावी लागते. इथे ती १० टक्के होती. म्हणजे कमी डोसने शंभरात दहापर्यंत रुग्णांचं नियंत्रण कमी झालं असण्याची शक्यता उरली तरी आम्ही तो डोस मान्य करू, त्याहून जास्तीची शक्यता उरली तर नाही. दहाच का, पाच का नाही, यावर वाद घालता येतो. शंभरात नऊ बायकांची मळमळ वाढली तर ते क्षुल्लक आहे का? पेंग किती कमी होते त्यावर ते ठरेल. म्हणून दोन्ही मोजमापं एकत्र वाचायला हवीत.

आकडे

हिशेबात धरता आले असे रुग्ण २६७. त्यांपैकी २५२ बायका, आणि २४२ जणांना स्तनाचा कॅन्सर. कागदावर 'घट्ट गाठींचे कॅन्सर' असं लिहिलेलं असलं तरी प्रत्यक्षात ही स्तनाच्या कॅन्सरच्या बायकांचीच चाचणी आहे, असं समजून वाचलेलं बरं.

अडीच मिलिग्रॅमच्या गटात १३२ पैकी ५९ जणांना पूर्ण नियंत्रण मिळालं. दहाच्या गटात १३५ पैकी ५९. दोन्हीकडे आकडा एकच, ४५ टक्के आणि ४४ टक्के. सांख्यिकीच्या भाषेत अनिश्चितता धरूनही, कमी डोस जास्तीत जास्त ९ टक्क्यांनी मागे असू शकतो असं निघालं. आखलेली मर्यादा १० ची. म्हणजे पास, पण काठावरून.

पेंगेत काठाचा प्रश्नच आला नाही. दिवसा कमी-अधिक पेंग आलेले रुग्ण अडीचच्या गटात ८६, म्हणजे ६५ टक्के. दहाच्या गटात १२१, म्हणजे ९० टक्के. पहिल्या दिवशी तीव्र पेंग अडीचच्या गटात ६ जणांना, दहाच्या गटात ५४ जणांना. पाच टक्के विरुद्ध चाळीस टक्के.

तोच १० मिलिग्रॅमचा डोस आणि त्याची तीव्र पेंग अमेरिकेतल्या चाचणीत ५ टक्के, परळमध्ये ४०. मी या दोन आकड्यांपाशी बराच वेळ थांबलो. लोक वेगळे, वजनं वेगळी, केमोचं मिश्रण वेगळं, मोजण्याची पद्धत आणि मोजण्याचा दिवसही वेगळा. यातल्या कशाचा वाटा किती, हे दोन चाचण्या शेजारी ठेवून ठरत नाही. गंमत म्हणजे २०२४ मध्येच भारतात आणखी एक चाचणी प्रसिद्ध झाली, टाटा मेमोरियलच्याच डॉ. विकास ओस्तवाल यांच्या गटाची. मधल्या पायरीची केमो घेणारे ५६० रुग्ण, ओलान्झापीन १० मिलिग्रॅम तीन दिवस. उलट्या नाहीत आणि जादा औषध लागलं नाही, असे ९१ टक्के विरुद्ध ८२ टक्के, म्हणजे औषधाचा फायदा तिथेही दिसला. आणि पेंग? सौम्य पेंग १० टक्क्यांच्या आसपास. एकच देश, एकच डोस, एकीकडे ९० टक्क्यांना पेंग आणि दुसरीकडे १०. केमो वेगळी होती आणि दिवसही कमी होते, हे मान्य. तरी एवढी दरी केवळ शरीराने पडत नसावी. जिथे पेंग हाच प्रश्नाचा गाभा होता, तिथे ती सापडली. जिथे ती दुष्परिणामांच्या यादीतली एक ओळ होती, तिथे ती ओळीपुरतीच उरली. मावशीच्या कागदावरचा शेरा मला इथे आठवला.

कुठे पाय जपून टाकावा

पहिली अडचण : डोस उघड होता. आपल्याला चौपट गोळी मिळतेय हे ज्याला माहीत आहे, तो पेंग जास्त सांगू शकतो. मळमळीबद्दलही उलटसुलट परिणाम होऊ शकतो. पोकळ गोळ्यांची सोय करून डोस झाकता आला असता, पण त्याला पैसा आणि कारखाना लागतो. आठ-नऊ पट फरक नुसत्या समजुतीने पडेल असं मला वाटत नाही. थोडी काट मात्र धरावी.

दुसरी : ओलान्झापीन अजिबात न घेणारा तिसरा गट नव्हता. दहा आणि अडीच सारखे निघाले, याचे दोन अर्थ होऊ शकतात. दोन्ही चालतात, किंवा या रुग्णांत दोन्ही फारसे चालत नाहीत. नवारींची चाचणी आणि जपानची चाचणी पाठीशी असल्यामुळे पहिला अर्थ जास्त पटतो. पण ती उसनी खात्री आहे. त्याच कारणाने अडीचच्या गटातल्या ६५ टक्क्यांच्या पेंगेत गोळीचा वाटा किती आणि केमोच्या थकव्याचा किती, हेही वेगळं काढता येत नाही.

तिसरी गोष्ट चाचणीची चूक नव्हे, पण बातमीत ती हरवली. चार-चार औषधं देऊनही निम्म्याहून अधिक रुग्णांना पूर्ण नियंत्रण मिळालं नाही. व्याख्या कडक आहे म्हणून आकडा कमी दिसतो हे खरं. तरीही पाच दिवसांत कधीतरी उलटी, कधीतरी बऱ्यापैकी मळमळ, कधीतरी जादा गोळी असे १३२ पैकी ७३ रुग्ण अडीचच्या गटात, आणि १३५ पैकी ७६ दहाच्या गटात. जगातल्या उत्तम संचासकट.

हे काम कंपनीने का केलं नसतं

ओलान्झापीनचं पेटंट केव्हाच संपलं. आपल्याकडे अनेक कंपन्या ते बनवतात आणि एक गोळी काही रुपयांत येते. डोस पाव झाला, तर विक्री वाढणार नाही. नवं औषध बाजारात आणणाऱ्याला 'किती जास्त देता येईल' हे शोधण्यात रस असतो. 'किती कमी पुरेल' हे शोधायला सहसा सार्वजनिक रुग्णालयच लागतं, आणि तिथल्या डॉक्टरला ओपीडीची गर्दी उपसून उरलेल्या वेळात ते करायचं असतं. शिवाय तिथे रुग्णसंख्या आहे. वरच्या पायरीची केमो घेणाऱ्या पावणेतीनशे रुग्णांची नोंद सव्वादोन वर्षांत एकाच छताखाली करणं अनेक श्रीमंत देशांतल्या रुग्णालयांना जमणार नाही. गर्दी ही टाटाची अडचण आहे तशी संशोधनासाठी पुंजीही आहे.

मळमळ, पेंग, तोंड येणं, हातापायांना मुंग्या, भूक मरणं यांवरच्या कामाला सहायक उपचार म्हणतात. नावातच दुय्यमपण आहे. या विषयासाठी १९९० पासून एक आंतरराष्ट्रीय संघटना काम करते, तिच्या मार्गदर्शक सूचना सर्वत्र वाचल्या जातात. तरी तरुण डॉक्टरला विचारलं, तर तो गाठीवर काम करायला जातो.

गोळी घरापर्यंत पोचते तेव्हा

डोस ठरला म्हणून गोळी पोटात जातेच असं नाही. ओलान्झापीनच्या बाबतीत एक अडथळा हमखास येतो. घरातला शिकलेला मुलगा पाकिटावरचं नाव मोबाइलवर टाकतो आणि वर पहिलंच 'स्किझोफ्रेनिया' दिसतं. कधी दुकानदारच विचारतो, घरात कुणाला मानसिक त्रास आहे का? मग गोळी बाजूला पडते, 'आईला वेडाची गोळी का दिली' अशी कुजबुज होते, किंवा काहीच न बोलता ती घेतलीच जात नाही. पुढच्या खेपेला डॉक्टर समजतात की चार औषधं देऊनही मळमळ झाली. चिठ्ठी लिहिताना 'ही गोळी मूळ वेगळ्या आजाराची आहे, इथे मळमळीसाठी चार दिवस देतोय, सवय लागत नाही' एवढं बोललं, तर हा गोंधळ बहुतेक टळतो. दहा सेकंदांचं काम आहे.

दुसरा घोळ घरच्या शहाणपणाचा. मळमळ थांबत नाही म्हणून कपाटातली जुनी उलटीची गोळी दिली जाते. ती मेटोक्लोप्रमाइड निघाली, तर दोन्ही औषधं डोपामिनच अडवतात आणि मान-जबडा आखडणं, अस्वस्थ हालचाली असे त्रास होऊ शकतात. मधुमेह असेल तर स्टिरॉइडमुळे साखर आधीच चढलेली असते, त्यामुळे या दिवसांत ती तपासत राहावी. आणि हा लेख वाचून कुणी आपल्या घरच्या रुग्णाची १० ची गोळी चार तुकडे करून देऊ नये. अडीच मिलिग्रॅमची गोळी वेगळी मिळते, ती डॉक्टरने लिहून द्यायला हवी. दहा चालू असेल आणि पेंग सोसत नसेल, तर तसं स्पष्ट शब्दांत सांगावं. 'जरा झोप येते' असं म्हटलं, तर ऐकणाऱ्याला ती विश्रांती वाटते. दिवसा किती तास झोपली, जेवताना जागं ठेवावं लागलं का, तोल गेला का, हे सांगितलं तर कागदावर काही उतरतं.

मावशीच्या तिसऱ्या खेपेआधी आम्ही तसं सांगितलं. डॉक्टरांनी आधी मान वर करून पाहिलं, मग डोस निम्मा केला, पाच मिलिग्रॅम, रात्री जेवणानंतर. अडीचची चाचणी तेव्हा परळमध्ये चालू होती, निकाल यायचा होता. त्या खेपेला दुसऱ्या दिवशी दुपारी ती उठून गॅलरीत बसली, थोडं मळमळतंय म्हणाली, आणि लिंबाचं लोणचं मागितलं.